कापशीचं बाळंतघर

पुसद, १४ डिसेंबर १९६१, संध्याकाळ

आमची पांढरी सशीण कापशी आज-उद्यात व्यायची. सकाळपासून स्वतःच्या छातीचे केस उपटून तोंडात धरून फिरते आहे. पिलांना ऊब म्हणून! हे मला या वयात कळलं.

ती राहते त्या स्वयंपाकघरात शेजारचा बोका शिरतो, म्हणून अंगणात तिला घर बांधलं. चार खुंट, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा कूड, वरून शेणमाती. गोठ्याला करतो तसंच. लिंपताना शाळेतल्या कविता चालीवर म्हणत होतो. त्यातल्या एकीत ससाही होता. पण तो काय काय कुरतडतो, हे कवीनं कुठं सांगितलंय?

दुपारी उन्हात डोळा लागला. उठून पाहतो तर कुडाला भगदाड, आणि बाईसाहेब पऱ्हाटी चघळतायत. ओठाला ते केस अजून चिकटलेलेच.

आमच्या हिनं कपाळावर हात मारला. "अवो, खानारीले खायच्याच भिंती बांधून देल्या तुम्ही!"

हसलो खरा, पण जीव थाऱ्यावर नाही. रात्री बोका आला तर? मग ते छातीचे केस तिनं उपटले कशासाठी?

ही आत गेली आणि दुधाच्या कपाटाची जाळीची दारं उचकटून घेऊन आली. बोक्यापायी तिनंच हट्टानं करून घेतलेली दारं.

"कुडाच्या आतून ठोका."

"अन् दूध?"

"पेऊ द्या बोक्याले. पोट भरलं का इकडं कायले येते तो?"

दारं ठोकून झाली. सायीसकट पातेलं उघडं ठेवलंय. चहा मी बिनदुधाचा घेतला.