अ‍ॅबरगव्हेनीतले कांदेपोहे

शुक्र. २५ ऑगस्ट २००६
बँक हॉलिडेच्या जोडसुट्टीत वेल्स. सकाळपासून निघतोच आहोत. अविच्या बॅगेत सूट. डोंगर बघायला सूट कशाला? म्हणे, "असावा गं बरोबर." ईशाचं तोंड फुगलेलं, पंधराव्या वर्षी आईबापाबरोबर सहल म्हणजे शिक्षाच. दशम्या, चटणी घेतली. नवऱ्याच्या नोकरीपायी ग्लासगो झालं, वॉटफर्ड झालं, आता साउथहॅम्प्टन. पण हौसेने कुठे नेतोय असं पहिल्यांदाच. लॅबमधून सुट्टी मागून घेतली. पर्मनंट झाल्यापासूनची पहिली.

शनि. २६
अ‍ॅबरगव्हेनी. चहूकडे डोंगर, मधे गाव, किल्ला म्हणून पडक्या भिंती. "छान आहे ना?" पाचव्यांदा. अजिंक्यताऱ्याखाली वाढलेल्या बाईला हे दाखवतोय. किल्ल्यापेक्षा जास्त वेळ शाळेपुढे उभा. सुट्टीतली बंद शाळा काय बघायची? "बिल्डिंग चांगली आहे."

मग मार्केट हॉल. भाज्या, जुने कप, चीज. अंडी घेतली, तर अंडीवाली म्हणते, "यू मस्ट बी द न्यू डॉक्टर्स वाइफ, लव्ह." म्हटलं, नाही हो, आम्ही टूरिस्ट. ती अविकडे बघून हसली. अवि चीज निरखत होता. अवि चीज खात नाही.

गाडीत बसल्यावर सगळं बाहेर आलं. इथल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात जीपी म्हणून पार्टनरशिप. जूनपासून बोलणी. दोनदा येऊनही गेलाय, मला सांगितलं कॉन्फरन्स. उद्या सीनियर पार्टनरकडे चहा. वॉटफर्ड सोडताना देवासमोर शब्द दिला होता, ईशाची जीसीएसईची परीक्षा होईपर्यंत हलायचं नाही, आणि हलायचंच तर आधी मला विचारायचं. "विचारणारच होतो गं." कधी, सामानाची व्हॅन दारात आल्यावर?

रवि. २७
डॉ. प्राइसकडे चहा. त्यांची बायको गोड आहे, रागावताही येईना. स्कोन पुढे करत एकेक प्रश्न. गाडी चालवता का, कुत्र्यांची भीती नाही ना, हिवाळ्यात करमेल का. मी काय काम करते ते कोणी विचारलं नाही. अठरा वर्षांपूर्वी साताऱ्यात कांदेपोहे घेऊन बाहेर आले, तेव्हा निदान आदल्या दिवशी सांगितलं तरी होतं की बघायला येणार आहेत. साडी नेसायला वेळ मिळाला. इथे मी पावसाळी अनोरॅक आणि चिखलाच्या बुटांत. सूट तेवढा त्याचा.

तेव्हाही बाबांनी आधी होकार कळवला आणि मग मला विचारलं, पसंत आहे ना?

परतताना अविला सरळ विचारलं, होकार देऊन बसलायस का? "नाही गं." आणि वायपर चालू केले. पाऊस नव्हता.

सोम. २८
परत. अबोला. अंडी मांडीवर धरून सेव्हर्न ब्रिज ओलांडला. मागून ईशा: "आई, तू खूप रागावला आहे?" एरवी सुधारलं असतं. नुसतं हो म्हटलं. ती म्हणाली, "मला तो जागा आवडला. पण माझे फ्रेंड्स?"
आवडायला मलाही आवडलं असतं, कोणी आधी सांगितलं असतं तर.

बुध. ३०
संध्याकाळी अवि आंघोळीला गेला आणि फोन वाजला. डॉ. प्राइस. म्हणाले, तुमचे मिस्टर पहिल्या दिवसापासून सांगताहेत, बायको हो म्हणेपर्यंत माझा होकार धरू नका. शुक्रवारपर्यंत कळवाल ना?
म्हणजे खरंच होकार दिला नव्हता. मग हे त्यांना सांगता येतं, मला सांगायला काय झालं होतं? उलट मी जास्तच चिडले. आता नाही म्हटलं तर मोडता घालणारी मी.
आणि वर मीच विचारून बसले, तिकडे हॉस्पिटलात पॅथॉलॉजी लॅब आहे का. विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं. आहे म्हणे, चौकशी करतो.
अवि बाहेर आला. "कोण होतं?" म्हटलं, कोणी नाही. त्याने तीन महिने लपवलं, मी दोन दिवस लपवीन.

ईशाने मात्र सगळं ऐकलं. जिन्यात गाठून हळूच, "आई, तू काय सांगणार?"
म्हटलं, तू सांग. तुला तर कोणी विचारलंच नाही अजून.
ती पायरीवर बसली विचार करत. भात झाला, तरी तिथेच आहे.