हेडफोन लावून आर्पेजिओ

४ मार्च
आजपासून कीबोर्ड शिकणार. बायकोचाच आहे, घरात पडून आहे. ती जानेवारीपासून बहिणीकडे. राग आहे, निवळेल. मुलगी होस्टेलवरून फोनवर म्हणाली, आई रविवारी कीबोर्ड न्यायला येणार आहे. बहाणा, दुसरं काय. मी वाजवून दाखवलं की राहीलच.

५ मार्च
क्लास लावला. बाई म्हणाल्या, तीन सूर एकदम दाबले की कॉर्ड. माझं एक बोट कायम उशिरा पडतं. पट्ट्या जड आहेत.

६ मार्च
बाईंनी हात टेकले आणि आर्पेजिओ दिला. म्हणजे कॉर्ड तीच, पण सूर एकदम न वाजवता एकामागून एक. अंगावर काटा आला. आमचंच वर्णन! ही तिकडे, मी इकडे, मुलगी होस्टेलवर, पण कॉर्ड एकच. बाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, पहिलं बोट उचलू नका, सूर धरून ठेवलात तरच कॉर्ड, नाहीतर नुसते सुटे सूर. तांत्रिक बाब आहे, बघू.

७ मार्च, सकाळ
हेडफोन लावून रियाज. हे मीच तिला वाढदिवसाला दिले होते, माझ्या बातम्यांत व्यत्यय यायचा म्हणून. जाईपर्यंत रोज वापरले तिने. याला म्हणतात उपयोगी भेट.

संध्याकाळ
रियाज राहिला. चादरी बदलत होतो. तिच्या उशीचा अभ्रा तसाच ठेवला. फार आठवण आली. थोडं रडलो. धूळही होती म्हणा.

८ मार्च
आली. सोबत सामान नेणारा गाडीवाला. त्याला दारातच थांबवलं आणि डोळे मिटून वाजवलं. एक चूक नाही. डोळे उघडले तर दोघं माझ्या बोटांकडे बघत उभे. हेडफोन माझ्या कानांवर. त्यांना नुसती पट्ट्यांची टकटक.

ती चिडली नाही. म्हणाली, मी वाजवायचे तेव्हा तुम्हाला एवढंच ऐकू यायचं ना. मी हो म्हणालो.

मग तिने हेडफोनची वायर काढली आणि उभ्यानेच तेच तीन सूर वाजवले. पहिलं बोट दाबून ठेवलं होतं. घर भरून गेलं. मग तेही बोट उचललं आणि गाडीवाल्याला म्हणाली, घ्या.

९ मार्च
हेडफोन मला ठेवून गेली. जेवणाच्या टेबलावर रियाज चालू आहे. टेबल वाजत नाही हे मलाही कळतं. पण पहिलं बोट सकाळपासून उचललेलं नाही. हे डाव्या हाताने लिहितोय, म्हणून अक्षर असं.