गाडीतून न उतरलेली मुलगी

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता मला डोळे मिटून बसावं लागतं. चेहरा तसा अजून लख्ख आहे. शाळा सुटल्याची घंटा झाली की तुम्ही वर्गाच्या दारात उभ्या राहायचात. आम्ही धक्काबुक्की करू नये म्हणून, असं आम्हाला वाटायचं. घरी जायला कोण रेंगाळतंय ते तुम्ही बघत होतात, हे मला फार उशिरा कळलं. माझ्या शेजारी बसणारी मुलगी रोज रेंगाळायची. भरलेलं दप्तर पुन्हा उपसायची, पुसलेला फळा पुन्हा पुसायची. एके दुपारी तुम्ही तिला सापगावच्या तुमच्या भाड्याच्या खोलीवर नेलंत आणि मी हट्टानं मागोमाग आले. तुम्ही स्टोव्हवर खिचडी टाकलीत, खिचडी शिजेपर्यंत ती भिंतीला टेकून बसल्याबसल्या झोपली होती. मी म्हणाले, "बाई, मी पण राहू इथं?" तुम्ही मागे वळूनही न बघता म्हणालात, "तुला घर आहे ना गो? मग घरी जा." तो शब्द मला किती दिवस टोचत राहिला. मला वाटलं, तुमची लाडकी ती.

ती तुमच्याकडे थोडेच दिवस राहिली. मग तिचा बाप चार माणसं घेऊन शाळेत आला. "आमची पोर हाय. बाईंचा काय संबंध?" असं तो ओरडत होता आणि सगळं गाव शाळेच्या कुंपणाबाहेर उभं राहून ऐकत होतं. तुमच्या बाजूनं एकही माणूस बोलला नाही. ती घरी गेली. दिवाळीच्या सुट्टीत तुमची बदली झाली, आणि शाळा पुन्हा भरली तेव्हा तीही वर्गात नव्हती. कोणी म्हणे मामाकडे गेली, कोणी म्हणे कल्याणला कुणाच्या घरी कामाला ठेवली. मला अजून ठाऊक नाही. आसनगाव स्टेशनवर माझ्या वयाची एखादी बाई दिसली की मी आजही तिच्या तोंडाकडे बघत राहते.

म्हणून असेल, मी या कामात आले. मुलांच्या संरक्षणासाठी नेमलेली कंत्राटी कार्यकर्ती. तुमच्या वेळी काहीच नव्हतं, आता कायदा आहे, बालकल्याण समिती आहे, गावोगाव ग्रामसेवकाला बालविवाह थांबवायचा अधिकार आहे. आमच्या प्रशिक्षणात भिंतीवर तक्ता लावतात. मधे मूल, भोवती पोलीस, शाळा, दवाखाना, अंगणवाडी, आणि सगळ्यांना जोडणारे बाण. तो तक्ता बघताना मला उगीच तुमची आठवण यायची, आणि सुटल्यासारखं वाटायचं. आता कुणी एकटं पडणार नाही, असं वाटायचं.

यंदा लग्नसराई सुरू होताच फोन आला. आमच्या शहापूर तालुक्यातल्या शेणव्याच्या पलीकडची मुलगी, नववीतली, आणि मांडव मुरबाड तालुक्यात. हद्द कुणाची यावर थोडी फोनाफोनी झाली, पण दोन्हीकडचे लोक आले. ग्रामसेवक, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका, एक महिला पोलीस आणि मी. आम्ही पोचलो तेव्हा मुलीला हळद लागलेली होती. तिची आई माझ्या अंगावर धावून आली. "आमी आमचं बघू. तुमाला कुनी बोलावलं?" मुलगी मान खाली घालून बसली होती. लग्न थांबलं. तिला समितीपुढे नेलं, आईनं आणि काकानं अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न लावणार नाही असं लिहून दिलं आणि मुलीला घरी सोडायचं ठरलं. परतीच्या वाटेवर आम्ही चहा प्यालो, बाई. हसलोसुद्धा. सगळे वेळेवर आले, सगळं नियमानं झालं, असं एकमेकांना सांगत होतो.

तिच्या गावच्या फाट्यावर गाडी थांबते. मी दार उघडते. "उतर गो, घर आलं."

ती हलत नाही.

"आता कशाला घाबरतेस? लगीन मोडलं ना?"

"लगीन मीच मागितलेलं," ती म्हणते. सीटची कड तिनं दोन्ही हातांनी धरली आहे. "घरात काका हाय. तिकडं नवऱ्याच्या घरी तो नसता."

पुढे ती जे बोलली ते मी इथंही लिहिणार नाही. महिला पोलिसानं दार ओढून घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, "गाडी फिरव." पुन्हा समिती, पुन्हा आदेश, आणि ती त्याच संध्याकाळी बालगृहात गेली.

मग मी गावात फिरले. वर्गशिक्षक म्हणाले, ती शाळेला कुलूप लागेपर्यंत आवारातच असायची. गावात घरोघरी आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई म्हणाल्या, "माझ्याकडं झोपायला यायची. मला वाटलं, त्यांच्याकडं लाइट नसतंय म्हनून." आरोग्य उपकेंद्रात तिच्या मनगटाला दोनदा पट्टी बांधली होती. पोलीस पाटलांनी काकाला दारूच्या भांडणावरून दम दिला होता. प्रत्येकाजवळ एकेक तुकडा. या सगळ्यांना मी शहापूरला एका खोलीत बसवलं. सुरुवातीला जो तो म्हणत होता, आमच्याकडे तशी तक्रार नव्हती. मग आशाताई म्हणाल्या, "तक्रार कशाला पायजे? कुनी इचारलं असतं तर मी सांगितलं नसतं काय?" मांडवात तिच्या शेजारी बसून मी तिचं वय विचारलं होतं, शाळा विचारली होती. लग्न का करतेस, हे विचारलं नव्हतं.

त्या बैठकीत एवढं तरी ठरलं की तिला पुन्हा पुन्हा सांगायला लावायचं नाही. एकीनं ऐकायचं, बाकीच्यांनी तेच धरून काम करायचं. काकावर गुन्हा दाखल झाला. आई आधी शिव्या देत होती, आता अधूनमधून लाडू घेऊन भेटायला येते. मुलगी बालगृहाजवळच्या शाळेत जाते. हे सगळं चांगलं आहे ना, बाई? मग माझा जीव थाऱ्यावर का नाही? तुम्ही काही न विचारता एका मुलीला घरी नेलंत आणि एकट्या पडलात. आम्ही एवढे सगळे असून या मुलीला त्याच दारात सोडायला निघालो होतो. ती उतरली असती तर? रोज जेवताना हाच विचार येतो, आणि घास तोंडात फिरत राहतो.

परवा तिला भेटायला गेले होते. केस तेल लावून घट्ट बांधले होते, थोडी भरलीही आहे. निघताना फाटकापर्यंत आली. "ताई, तुमी परत येनार ना?" मी म्हणाले, "येणार म्हणजे काय, येणारच." माझा करार या महिनाअखेरीस संपतो आहे, बाई. पुढे वाढेल की नाही कुणी सांगत नाही. माझ्या जागी कोण येईल आणि तिला ओळखेल का, तेही ठाऊक नाही. हे तिला तिथंच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं नाही. तुम्हाला सांगणं सोपं, म्हणून तुम्हाला लिहीत बसले.