कॅलेंडरमागची होडी

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, धंदा पूर्वी मासेमारी, आता जाळीदुरुस्ती, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे असं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं आहे. लिहिताना भीती वाटते आहे. अक्षर वेडंवाकडं दिसलं म्हणून कोणी हा कागद रद्द ठरवू नये.

१. राहतं घर, दोन खोल्या व मागचा नळ, माझ्या पुतण्याला, थोरल्या भावाच्या म्हणजे दादाच्या मुलाला. दाराची कडी जरा उचलून लावावी, नाहीतर लागत नाही.

२. जाळी विणायच्या सुया व कात्री समोरच्या शिंप्याला. त्याने नेलेली शिडी अजून परत आलेली नाही, तीही त्यालाच. आता भांडायला अंगात त्राण नाही.

३. बाहेरच्या खोलीतलं आमच्या शिडाच्या होडीचं चित्र पुतण्याला. याबद्दल लिहिणं भाग आहे.

दादाने हौसेने ते पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला काढायला सांगितलं होतं. आम्ही निघालो त्या सकाळी पेंटर धक्क्यावर बसून रेघा मारत होता. शिडाचा दोर कधी बांधायचा नसतो. खुंटीला एक वेढा देऊन हातात धरायचा, म्हणजे वारा फिरला की सोडता येतो. माझ्या तळहाताला फोड आला होता. म्हणून निघतानाच मी गाठ मारली. दादा सुकाणूवरून ओरडला, "अरे, गाठ सोड!" मी म्हणालो, "सोडतो रे, जरा दम धर." दुपारी वाऱ्याचा झोत आला. ओली गाठ सुटेना. होडी आडवी झाली, दादा गेला. मी पाण्याच्या पिंपाला धरून वाचलो.

धक्क्यावर सगळे विचारू लागले, तेव्हा घाबरून मी म्हणालो, गाठ दादाने मारली.

महिन्याने पेंटर चित्र घेऊन आला. "मला होडीतलं काही कळत नाही, दिसलं तसं काढलंय." खुंटीवर गाठ आहे. शेजारी मी, हात मांडीवर. दादा पार मागे, सुकाणूवर. जाणत्याने एकदा पाहिलं तरी पुरे. वहिनी रोज दादाला बघायला येतात, म्हणून ते जाळता आलं नाही. एकेचाळीस वर्षं मी चित्रातल्या त्या गाठीच्या कोपऱ्यावर कॅलेंडर लावतो.

"नवऱ्याच्या आळसाने होडी गेली," हे टोमणे वहिनींनी ऐकले. पुतण्याला कोणी होडीवर घेतलं नाही. तो बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढतो. परवा म्हणाला, "काका, एवढी भिंत मोकळी असताना कॅलेंडर चित्रावरच का?" काल मी वकिलांकडे गेलो.

४. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नका. म्हणून वहिनींना मी काहीच ठेवलेलं नाही. साक्षीदार त्याच हव्यात. त्यांना वाचता येत नाही, डॉक्टरीणबाई वाचून दाखवतील. मी म्हणालो, तोवर मागच्या खोलीत बसतो. बाई म्हणाल्या, "नाही आजोबा, इथेच बसायचं." बसलो आहे. मेल्यावर दादाला तोंड दाखवायची भीती आहेच. पण वहिनी आता पदराला हात पुसत येत आहेत, ती भीती जास्त आहे.

ठिकाण: बाहेरची खोली. ११ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी अकरा.

मृत्युपत्र करणारा: सही

साक्षीदार एक: डॉक्टरीणबाई, सही

साक्षीदार दोन: वहिनी

डॉक्टरांचा शेरा: मजकूर पूर्ण वाचून दाखवला. वहिनींनी उठून चित्रावरचं कॅलेंडर काढलं. मग म्हणाल्या, "भावजी, चपला घाला. हे धक्क्यावर, चारचौघांत, तुमच्या तोंडाने वाचा. मग अंगठा देते."

अंगठा धक्क्यावर घेतला, साडेबारा वाजता.