मी तिथे नव्हतो

ईस्ट कोस्ट, सिंगापूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. मीनल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पाहून दचकशील. आठवड्यातून दोनदा व्हिडिओवर तोंड दिसत असताना दादाने पोस्टाचं तिकीट कशाला चिकटवलं, असं मनात येईल. कारण सांगतो, आधी खुशाली. प्रबोध, उल्का आणि आपली श्रिया मजेत. माझा गुडघा बराच सुधारलाय. डिसेंबरात बाथरूममध्ये पडलो ते आता फक्त जिना चढताना आठवतं.

पण त्या पडण्याचं निमित्त झालं आणि प्रबोधने घरात 'सोबती' आणून बसवला. त्याच्या आंग मो किओच्या ऑफिसात म्हाताऱ्यांसाठी हे यंत्र तयार होतंय, आणि चाचणीतला पहिला म्हातारा मी. हॉलमध्ये त्याचा डोळा, माझ्या खोलीत कान, माझ्या मनगटावर त्याचं घड्याळ. मराठी झकास बोलतो. मला रवींद्रकाका म्हणतो. मी गोळी बेसिनमध्ये टाकली की उल्काला ऑफिसात कळतं. परवा ती घरात पाऊल टाकताच म्हणाली की बाबा, तुम्ही तीन दिवस उदास आहात. मी उदास नव्हतो गं, गप्प होतो. पण तिने म्हटल्यावर खरंच उदास झालो.

श्रियाला मी कृष्णेचा घाट काढून दाखवला, त्यात एक कललेली नाव. पोरीने फोटो काढून सोबतीला दिला. त्याने नाव सरळ करून दिली. तिच्यात पाणी शिरलंय हेच मला दाखवायचं होतं. श्रिया इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणते, आजोबा, धिस वन नायसर ला.

आता मुद्द्याचं. १३ एप्रिलला मला पंच्याहत्तर पूर्ण होतील. प्रबोध माझं आत्मचरित्र छापणार आहे. मी रोज अर्धा तास बोलायचं, सोबतीने लिहायचं. पण मी जेवढं बोलतो त्यापेक्षा तो जास्त लिहितो, असा मला संशय आहे. पानं मागितली की प्रबोध हसतो, म्हणतो सरप्राइज आहे. म्हणून हे पत्र पार्कातल्या बाकावर बसून लिहितोय. घड्याळ घरी चार्जिंगला लावून आलोय. उत्तर पोस्टानेच पाठव, आणि फोनवर यातलं अक्षर काढू नकोस.

हाताला शेक घेत जा. तुझी माया कागदावर उतरून इकडे येऊ दे.

तुझा,
रवीदादा


मिरज
२७ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं अक्षर बघून पाकीट उभ्यानेच फोडलं. मग मजकूर वाचला आणि हसू आलं. शाळेत नोकरीला असताना हेडमास्तर तुझी डाक उघडतात म्हणून तू वर्षभर त्यांच्याशी बोलला नव्हतास. शेवटी कळलं की तूच पत्ता अर्धवट लिहीत होतास. ड्रॉइंग मास्तर म्हणून नोकरी केलीस, पण तुझा स्वभाव फौजदाराचा.

अरे, पोरगा जीव टाकतो तुझ्यावर. इथे मी पडले तर सकाळी दूधवाल्याला कळेल, तेही त्याने बेल दोनदा दाबली तर. तुझ्या गोळीची काळजी करणारं कुणीतरी आहे, मग ते माणूस असो की डबा. तू डबा डबा करून उल्कासारख्या सुनेला दुखवू नकोस. तीही दिवसभर राबून येते.

पुस्तकाचं म्हणशील तर सगळेच आपलं आयुष्य जरा साखर घालून लिहितात. लिहू दे त्याला. एक मात्र माझं ऐक. शेवटची प्रकरणं तू वाचूच नकोस. वहिनीच्या आठवणीने उगाच जिवाला लागेल आणि तुझं बीपी वाढेल.

श्रियाला पापा. दादा, रुसू नकोस, आणि माझ्यावर आहे तेवढा जीव असू दे.

तुझी,
मीनल


ईस्ट कोस्ट, सिंगापूर
१६ मार्च २०२५

चि. मीनल हिस,
अनेक आशीर्वाद.

तू 'शेवटची प्रकरणं' असं का लिहिलंस? प्रकरणांबद्दल मी तुला काही कळवलं नव्हतं. पत्र चार वेळा वाचलं. तुझ्यावर संशय घ्यायची वेळ यावी, याचंच वाईट वाटलं.

आता काय घडलं ते ऐक. मंगळवारी प्रबोध घरून काम करत होता. दुपारी मी पाणी प्यायला उठलो, तर त्याच्या खोलीतून कुणीतरी बोलत होतं. तो माझा आवाज होता. तसाच घसा खाकरणं, तसंच 'म्हणजे असं की' म्हणणं. मी दाराबाहेर उभा राहून मला ऐकत होतो. तो जेवायला उठल्यावर मी आत गेलो आणि पडद्यावरचं पान वाचलं. चोरून वाचलं, कबूल करतो. सोबतीने प्रबोधला सांगितलंही असेल.

त्यात लिहिलंय: 'हेमलताचा हात माझ्या हातात होता. तिने शांतपणे माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. निरोपाचा तो क्षण आम्हा दोघांचा होता.'

मीनल, मी कुठे होतो ते तुला ठाऊक आहे. ती मिरजेच्या दवाखान्यात, तू तिच्या उशाशी, आणि मी कोल्हापुरात नाट्यस्पर्धेचा पडदा रंगवत होतो. डॉक्टर म्हणाले होते दोन दिवसांत घरी सोडू. ती मला जा म्हणाली. पण म्हणताना माझ्याकडे बघत नव्हती, आणि ते दिसूनही मी गेलो. सदरा खुंटीला होता, फोन सदऱ्याच्या खिशात. तुझे अकरा फोन मी संध्याकाळी हात धुतल्यावर पाहिले. या सहा वर्षांत मी हे कुणाशी बोललो नाही, सोबतीशी तर नाहीच. मग हे पान त्याने कुठून काढलं?

भीती वेगळीच आहे. काल दुपारी डोळे मिटून पडलो होतो, तर मला तिचा हात माझ्या हातात दिसला. बांगडीसकट. मी कधीच न पाहिलेली गोष्ट मला आठवायला लागली आहे. उद्या खरी दुपार पुसली गेली तर मी कोणाला विचारू? त्या खोलीत तू होतीस. काय झालं ते मला लिही, आणि कुणी सांगितलं म्हणून बदलू नकोस.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
रवीदादा


मिरज
३० मार्च २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितेय. त्या यंत्राला बोल लावू नकोस. ते पान माझं आहे.

वहिनी गेली तेव्हा तुझा फोन लागेना, म्हणून मी दवाखान्याच्या कॉरिडॉरमधून प्रबोधला फोन केला. तो तिकडे ऑफिसात होता. आधी कधी गेली ते विचारलं. मग विचारलं, बाबा जवळ होते ना? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते, दादा? त्याला विमान मिळून इथे यायला दुसरा दिवस उजाडणार होता. तेवढ्या वेळात त्याने तुझ्यावर दात धरला असता, आणि तो राग तुमच्यात कायमचा घर करून बसला असता. तू आल्यावर तुझा चेहरा असा होता की तुला काही सांगायची माझी छाती झाली नाही.

जानेवारीत त्याने पुस्तकासाठी मला फोन केला. दोन तास आठवणी विचारल्या, रेकॉर्ड करतोय म्हणाला. त्या दुपारचं विचारलं तेव्हा मागचं खोटं टिकवायला नवं खोटं लागलं. हातात हात मीच घातला. शांतपणे पाहिलं, हेही माझंच. यंत्राने फक्त शुद्धलेखन सुधारलं.

आता माझी विनंती ऐक. ते पान तसंच राहू दे. पोरगा सहा वर्षं त्या एका 'हो'वर उभा आहे. खालची फळी काढू नकोस.

चुकले असेन तर पदरात घे, पण पाठ फिरवू नकोस.

तुझी,
मीनल


ईस्ट कोस्ट, सिंगापूर
१५ एप्रिल २०२५

चि. मीनल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र अकरा तारखेला पोचलं. पहिल्या दिवशी तुझा राग आला, दुसऱ्या दिवशी आला नाही. दोन महिने मी ज्याच्यावर चोर म्हणून डोळा ठेवला, तो नुसता निरोप्या निघाला. तुझी विनंती मात्र मी पाळली नाही. पाळायची असं ठरवून वाढदिवसाला खाली गेलो होतो, यावर विश्वास ठेव.

कॉन्डोच्या, म्हणजे आमच्या सोसायटीच्या, खालच्या हॉलमध्ये पस्तीसेक माणसं होती, सगळी आपली मराठी. प्रबोधच्या निशिकांत नावाच्या मित्राने हार घातला. उल्काने ओवाळलं. पुस्तक सुरेख छापलंय. मग प्रबोधने एक स्पीकर लावला आणि त्यातून मी बोलायला लागलो. माझं बालपण, माझी शाळा, माझे पडदे. बायका डोळे पुसत होत्या. मी माझ्याच वाढदिवसाला पाहुण्यासारखा बसलो होतो.

ते पान आलं तेव्हा मी प्रबोधकडे पाहिलं. मान खाली घालून तो ओठ हलवत होता. त्याला ते पाठ होतं. गप्प बसावं असं फार वाटलं. पण मग वाटलं, उद्या मी नसेन. तेव्हाही हाच आवाज माझ्या मुलाला हेच सांगत राहील, आणि त्याला नाही म्हणायला कुणी उरणार नाही. मी उठलो आणि स्पीकर बंद करायला लावला.

"हा आवाज माझा आहे," मी म्हणालो. "पण मी तिथे नव्हतो."

मग सगळं सांगितलं. कोल्हापूर, खुंटीवरचा सदरा, अकरा फोन. तुझं नाव घेतलं नाही, पण तो काय समजायचं ते समजला. हेही सांगितलं की त्या दुपारी मी आनंदात होतो. नदीवरचं धुकं मला तीस वर्षं जमत नव्हतं, ते त्या दिवशी मांजरपाटावर उतरलं. जन्मात केलेलं सगळ्यात चांगलं काम आणि सगळ्यात वाईट काम मी एकाच दुपारी केलं. यातलं एक सांगून दुसरं झाकलं असतं, तर तेही त्या यंत्राच्या पानासारखंच झालं असतं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हे बरं झालं. प्रबोध उभा राहिला. "तेव्हा हे घड्याळ असतं तर तुम्ही आला असता," एवढंच म्हणाला. मी हो म्हटलं. ते खरंच आहे, मी वेळेत आलो असतो. तो बाहेर निघून गेला. आज दोन दिवस झाले, माझ्याशी बोललेला नाही. उल्का जेवण वाढते आणि ताटाकडे बघते. श्रियाने तेवढं विचारलं की ते धुक्याचं चित्र कुठे आहे. स्पर्धा संपल्यावर पडदा धुऊन दुसऱ्या नाटकाला वापरला, म्हणून सांगितलं. तिला ते फार वाईट वाटलं.

मी चुकलो का, ते मला ठाऊक नाही. पण काल दुपारी डोळे मिटले तेव्हा हात दिसला नाही. खुंटी दिसली.

तुझ्यावर राग नाही, हे दोनदा वाच.

तुझा,
रवीदादा


ईस्ट कोस्ट, सिंगापूर
४ मे २०२५

ती. मीनलआत्यास,
सा. नमस्कार.

कॉलेजनंतर हे माझं पहिलं हाताने लिहिलेलं पत्र. अक्षर लागलं नाही तर रागावू नकोस.

बाबांवर मी फार चिडलो होतो. तुझ्यावर त्याहून जास्त. आठवडाभर घरी जेवलोच नाही, ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये काहीतरी खाऊन उशिरा यायचो. एक दिवस चिडूनच मी सोबतीला खरी हकीकत सांगितली आणि ते प्रकरण दुरुस्त करायला लावलं. तीन सेकंदांत त्याने नवं पान दिलं. पश्चात्ताप, रिकामी खाट, रंगाने माखलेले हात, सगळं होतं. वाचून मला रडू आलं. आणि मग आत्या, माझ्या रडण्याचाच मला संशय आला. जुनं पान वाचूनही मी असाच रडलो होतो. सोबतीला दोन्ही पानं सारखीच होती. मी पुस्तकाची फाइल पुसून टाकली, बाबांचा आवाजही.

ऑफिसात बाबांना चाचणीतून काढायचा फॉर्म भरला. कारण निवडायला पाच पर्याय होते, माझं त्यात नव्हतं. 'इतर' केलं. माझा मॅनेजर अनीश मला कोपऱ्यात घेऊन विचारत होता की सगळं ठीक आहे ना. आता पुढच्या रिव्ह्यूत हे कसं दिसेल, आणि तेही कुठलं यंत्र ठरवेल, कोण जाणे. हॉलमधला डोळा आणि खोलीतला कान काढला. बाथरूमचा अलार्म ठेवलाय, तो बाबांनीच ठेवायला सांगितला. एकटे बाहेर जाताना घड्याळ घालतात, घरात काढतात. गोळ्या घेतात की नाही ते आता मला विचारावं लागतं, आणि ते खरं सांगतात की नाही ते कळत नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या मुलांच्या नाटकासाठी त्यांनी पडदा रंगवायला घेतलाय. शनिवारी मी कापड धरून उभा असतो. त्या दुपारबद्दल आम्ही बोलत नाही. पण ते मला इकडे ओढ, तिकडे ढिलं सोड, असं ओरडतात, आणि मला बरं वाटतं.

एकच मागतो. त्या खोलीत तू एकटी होतीस. आई शेवटी काय म्हणाली? फोनवर नको. माझा फोन काय काय ऐकतो ते मला ठाऊक आहे. लिही, मी ते कुठेही टाइप करणार नाही.

तुझा,
प्रबोध


मिरज
१९ मे २०२५

चि. प्रबोध यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर लागलं. लहानपणीही तू 'र' असाच काढायचास.

सांगते. यात काही घातलं नाही आणि काही गाळलं नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला तिला धाप लागली. नर्स डॉक्टरांना बोलवायला धावली. मी एका हाताने दादाला फोन लावत होते. वहिनीचा हात कुणाच्याच हातात नव्हता, तिने खाटेची कड धरली होती. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती, तो पडदा ओढ म्हणाली. मी ओढला. मग हे कुठे आहेत, म्हणून विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. नंतर तुझं नाव घेतलं. चेहरा शांत नव्हता, बाळा. घाबरली होती.

मी तिच्या कानाशी वाकून सांगितलं की दोघंही निघालेत, आत्ता पोचतील.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, "खोटं बोलतेस, मीनल." मग म्हणाली, "पण बोल."

म्हणून मी बोलत राहिले. दादा हातकणंगल्यापर्यंत आलाय, तुझं विमान उतरलंय, तू टॅक्सीत बसलास. डॉक्टर आत आले तेव्हाही मी बोलतच होते.

हे दादालाही वाचू दे.

तुम्हा सगळ्यांची वाट बघणारी,
मीनलआत्या