तुझी एक सही

पार्सिपनी,
५ ऑक्टोबर २०२५

ती. गिरीशदादास,

नमस्कार. साष्टांग घालायची पद्धत आहे, पण सध्या गुडघे आणि मन दोन्ही वाकत नाहीत, तेव्हा उभ्यानेच. कांचनवहिनी बरी असेल. शुगर लँडची हवा आता तरी माणसात आली असेल. आमच्याकडे झाडं लालेलाल झाली आहेत. तू खूश होशील, तुझ्या राष्ट्राध्यक्ष साहेबांच्या पक्षाचा रंग.

तू सारखा विचारतोयस, घरच्या ग्रुपमधून मी बाहेर का पडले. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू तुझ्या साहेबांसारखा बोलतोस, प्रश्न घेत नाहीस. म्हणून कागद. कागदाला मध्येच "अगं, ऐक तर" म्हणता येत नाही.

मेअखेर, मेमोरियल डेच्या सुट्टीत तुझ्या घरामागच्या डेकवर आपलं जे झालं, ते कारण नव्हे. तू कणसं भाजत होतास आणि मला अर्थशास्त्र शिकवत होतास.

"टॅरिफ बाहेरचे भरतात, वीणा. चीन भरतो, इंडिया भरतो. आपल्याला काय?"

"मग तूरडाळ महागली म्हणून वहिनी दुकानात का भांडली?"

"तो दुकानदारच लुटारू आहे."

मग साहेबांच्या सह्यांवर आलो. इथली संसद, काँग्रेस, बसलीय बाजूला, आणि हे जाड मार्करने रोज नवा हुकूम काढतायत, असं मी म्हटलं. तू म्हणालास, "कंपनी अशीच चालते. सीईओ काय मतदान घेत बसतो?" मी विचारलं, देश कंपनी असेल तर आपण कोण, भागीदार की गोदामातला माल? तेव्हा तू चिमटा फिरवत म्हणालास, "आणि व्हिसावाल्यांच्या बायकांना नोकरीची परवानगी मिळाली, ती आधीच्या राष्ट्राध्यक्षांनी काँग्रेसला विचारून दिली? तेव्हा तर पेढ्यांचा फोटो पाठवला होतास." मी दुसरं कणीस घेतलं. ते तुझं बरोबर होतं. फक्त म्हणताना वहिनीकडे बघून डोळा मारलास, तो मला अजून पचलेला नाही.

पण कारण ते नव्हे. कारण जुलैतलं.

ग्रुपवर आपण पोरांसाठी इंग्रजीत लिहितो आणि पोरांना कळू नये ते देवनागरीत. जन्माने मिळणारं नागरिकत्व बंद करायच्या त्या हुकमावर तू देवनागरीत लिहिलंस: "व्हिसावर यायचं, इथे पिल्लं घालायची आणि पासपोर्ट उकळायचे. हे बंद झालंच पाहिजे. उत्तम सही." भराभर अंगठे आले. तुझ्या नीलचाही आला. त्याला एक अक्षर वाचता येत नाही, पण बाप म्हणतोय म्हणजे बरोबरच असणार.

केयाला वाचता येतं, दादा. दर रविवारी रडारड करून तिला मराठी शाळेत नेलं. "भाषा जाऊ देऊ नकोस" हा हट्ट तुझा. फोन घेऊन ती किचनमध्ये आली. "आई, पिल्लं म्हणजे पपीज ना? सो दॅट्स मी?"

मी म्हटलं, "ते दुसऱ्या लोकांबद्दल आहे."

"बट यू वर ऑन अ व्हिसा."

अजून आहोत, हे तिला सांगावं लागलं नाही.

ती जन्मली तेव्हा तिचा बाबा, सिद्धेश, डेट्रॉइटला बर्फात अडकला होता. तुझ्या तिकडच्या ह्यूस्टनहून मिळेल ते विमान पकडून तू आलास. दिसेल त्या नर्सला सांगत सुटलास, "आमच्या घरातली पहिली जन्मजात अमेरिकन!" खालच्या दुकानातून छोटा झेंडा आणून तिच्या पाळण्याला खोचलास. तो अजून तिच्या टेबलावर आहे, पेनांच्या मगात. त्या दिवशी तूही व्हिसावरच होतास. तुझी ग्रीन कार्डाची रांग पुढे सरकली, आमची सरकली नाही. आपल्यात फरक एवढाच, आणि त्यावर तू केवढं तत्त्वज्ञान उभं केलंस.

आता जे टाळत होते ते. सिद्धेशच्या कंपनीच्या पंपांचं ओतकाम कोल्हापूरहून यायचं. ऑगस्टमध्ये साहेबांनी सही केली, त्या मालावरचा आयातकर वाढला, ऑर्डरी रद्द झाल्या, आणि सप्टेंबरात त्याचा अख्खा विभाग बंद झाला. टॅरिफ बाहेरचे भरतात हे तुझं खरं ठरलं. आम्हीच ते बाहेरचे. माझी परवानगीही त्याच्याच व्हिसाला टांगलेली. व्हिसाच्या नियमाने दिलेल्या साठ दिवसांत दुसरी नोकरी मिळाली नाही तर नोव्हेंबरात पुणं. मिळेल असं आता तोही म्हणत नाही.

केया अकरावीत आहे. तिला इथून कुणी काढू शकत नाही आणि आम्हाला इथे कुणी ठेवू शकत नाही. शाळा संपेपर्यंत कुणाकडे राहशील, विचारलं. मी माझ्या मैत्रिणीचं, आसावरीचं, नाव सुचवलं. ती म्हणाली, "मामाकडे."

"ते वाचूनसुद्धा?"

"येस. ही शुड हॅव टू सी मी एव्हरी मॉर्निंग."

माझीच मुलगी. जीभ वारशाने गेलीय.

शाळेला आणि डॉक्टरला इथे पालक म्हणून एका मोठ्या माणसाची सही लागते. कागद सोबत आहे. आम्ही दोघांनी केली आहे, खाली तुझी जागा रिकामी आहे, बाणाचं स्टिकर लावलंय. काँग्रेसला विचारावं लागत नाही. वहिनीला मात्र विचार.

भाऊबीज तेवीस तारखेला. दरवर्षी मी लॅपटॉपला ओवाळते आणि तू तिकडून कुरियर धाडतोस. यंदा काही धाडू नकोस, ओवाळणी मागून घेते आहे. जुलैतलं ते मी विसरले असा अर्थ काढू नकोस. तिला एअरपोर्टवर घ्यायला जाशील, तेव्हा ती मराठीतच बोलणार आहे. तयारी ठेव.

करायची असेल तर सही कर. नसेल करायची तर कागद तसाच परत पाठव, कारण लिहू नकोस. तुझी कारणं तिने वाचली आहेत.

एका पिल्लाची आई,
वीणा