ट्रान्झिटचा रकाना

४ मार्च

आज पुन्हा! सात नंबरचे आजोबा. श्वास अडकायला लागला तसे डॉक्टर ओरडले, "शिफ्ट करा, शिफ्ट करा!" ॲम्ब्युलन्सच्या गाडीत मागे आया म्हणून मी, सलाइनची बाटली धरून. पेट्रोल पंपापुढे आजोबांनी जीव सोडला. दर वेळी तिथंच कुठंतरी. मोठ्या हॉस्पिटलात खाट आहे का, हे कुणी फोन करून विचारलेलंच नसतं.

सिस्टरने रजिस्टरात शेवटच्या रकान्यात लिहिलं — ट्रान्झिट. म्हणजे आमच्याकडे मेले नाहीत, त्यांच्याकडेही नाहीत. अकरा वर्षांत आमच्या दवाखान्यात एकही मरण नाही. पाटीच लावा!

५ मार्च

ड्रायव्हरला त्या शब्दाचा अर्थ विचारला. "मावशी, मी ट्रकवर होतो तेव्हा माल वाटेत फुटला की हाच शिक्का. मग कुणीच जबाबदार नाही." चाळ पाडल्यावर आम्हाला दिलेल्या तात्पुरत्या खोल्यांनाही ट्रान्झिटच म्हणतात. तात्पुरत्या — चौदा वर्षं झाली. एकूण काय, कुणाच्या अंगावर यायला नको तिथं हा शब्द.

नातेवाईक विचारतात, वाचतील ना? मी सांगते, तिकडं मोठी मशिनं आहेत. जळो माझं तोंड.

९ मार्च

ताईला आणलं. न्युमोनिया. आईमागं तिनेच मला वाढवलं. मीच म्हटलं, आमच्याकडे चल, माझी नजर राहील. ऑक्सिजन लावलाय तरी तोंड चालू — "ही उशी आहे की दगड? तुझ्या डोक्यावरून बनवली काय गं?"

१२ मार्च

ओठ निळे पडलेत. बोलत नाही.

१३ मार्च

सकाळी दहाला डॉक्टर आले, फोन कानाला. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "शिफ्ट करू."

पंपापुढे माझी ताई? आणि बाटली धरायला मीच? नाही!

खिळ्यावरची गाडीची चावी काढली, ब्लाउजमध्ये खोचली. ड्रायव्हर शोधतोय, सिस्टर ओरडतेय, डॉक्टर स्वतः टेबलाखाली वाकले. मी ताईचा हात धरून बसले. दुसरी गाडी मागवली, ती यायच्या आत ताई गेली. सव्वाअकरा. अंथरुणात गेली, माणसासारखी.

सिस्टरने लिहिलं — दवाखान्यात. पहिलीच नोंद. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

१५ मार्च

ड्रायव्हरच्या हातात चावी ठेवली. ओरडला नाही तो. खाली बघत म्हणाला, "मावशी, तिकडं खाट अडवून ठेवली होती. मशीन लावून तयार. डॉक्टरसाहेबांनी स्वतः तीनदा फोन केला — आपल्या मावशीची बहीण म्हणून."